अप्पांचा उजवा पाय

दिंद्रुडच्या बाजारगल्लीत वीरभद्र अप्पांचं किराणा दुकान आहे. तेल, तूरडाळ, सरकी पेंड, शेंगदाणे, अगरबत्ती, सगळं तिथं मिळतं. पण लांबलांबची माणसं तिथं येत ती त्यासाठी नव्हे. ती येत अप्पांच्या उजव्या पायासाठी.

अप्पा पायाळू. जगात येताना डोकं आधी न घालता त्यांनी पाय आधी घातले, आणि तेवढ्या एका उलट्या कामावर जन्मभर भाव खाल्ला. कुणाची पाठ धरली, कंबरेत उसण भरली, की माणूस वाकडातिकडा होत दुकानाच्या ओट्यावर येई आणि रिकाम्या पोत्यावर पालथा पडे. मग अप्पा गादीवरून उठत. उजवा पाय तांब्याभर पाण्यानं धूत, अंगठ्याला विभूती लावत, डोळे मिटत आणि दुखऱ्या जागी हलकेच तीनदा पाय टेकवत. माणूस उठून म्हणे, "आराम पडला, अप्पा." याचे पैसे ते घेत नसत, पैसे घेतले की गुण जातो. जाताना तो माणूस साखर-चहापत्ती नेई, ती मात्र रोखीनं.

उन्हाळ्यात ऊसतोडीची माणसं कारखान्यांवरून गावी परतली की ओट्यावर गर्दी होई. मोळ्या वाहून वाहून त्यांच्या पाठीची लाकडं झालेली. अप्पा एकेका पाठीवर पाय ठेवत आणि मनात म्हणत, अर्ध्या तालुक्याचा कणा आपल्या अंगठ्यावर उभा आहे. आता हे आठवलं की त्यांना स्वतःचंच हसू येतं. तेव्हा दुसरं कुणी हसलं असतं तर त्याची खैर नव्हती.

एवढ्या मोठ्या पायाला भीती एकच, विजेची. पायाळू माणसावर वीज पडते, हे अप्पांना कळायच्या आधीपासून सांगितलेलं. आभाळात ढग दिसला की अप्पा घरात. त्यांची शाळा पावसाळ्यात बुडाली ती उन्हाळ्यातही वर आली नाही. मेहुण्याच्या लग्नात गडगडलं तेव्हा वऱ्हाड मांडवात होतं आणि अप्पा धान्याच्या कणगीमागं. गळ्यातल्या इष्टलिंगाची डबी चांदीची. ती काढून ठेवणं तर शक्य नाही, म्हणून आभाळ भरून आलं की ते तिला फडकं गुंडाळत आणि महादेवाला सांगत, "देवा, तुला झाकतोय असं समजू नको. विजेला दिसू नये म्हणून करतोय."

गेल्या वर्षी सून कावेरीला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी, तेलगावला झालं होतं. तो नातू, मृत्युंजय, सगळ्यांसारखा डोक्यानं आला होता. अप्पांनी त्याला त्याबद्दल माफ केलं होतं. या खेपेला माजलगावच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी पाहिली आणि म्हणाल्या, "बाळ उलटं आहे. कळा यायची वाट बघू नका. सोमवारी या, ऑपरेशन करून काढू."

घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरले. एकट्या अप्पांचा उजळला. घराण्यात आणखी एक पाय!

"बाई," त्यांनी घसा साफ करून विचारलं, "ऑपरेशननं काढलेलं लेकरू पायाळू धरतात का?"

बाईंनी चष्मा काढला. "अप्पा, आमच्या कागदावर तसा रकाना नाही. आई ठीक, बाळ ठीक, एवढंच लिहितो आम्ही."

अप्पांचं समाधान झालं नाही. भिंत फोडून बाहेर आलेल्या माणसाला, उंबरा कोणत्या पायानं ओलांडलास, असं कोण विचारतं? सोमवार आला तसे ते म्हणाले, अमावास्या तोंडावर आहे, ती सरू द्या.

मुलगा राजेश्वर चुळबुळला. "अप्पा, पण बाईंनी सांगितलंय..."

"मी कसा आलो बे? मला कुणी कापून काढलं का? घरच्या घरी आलो, दणदणीत आलो!"

अप्पांच्या बायकोनं, शांतादेवींनी, भाकरी थापता थापता एवढंच म्हटलं, "आलात खरं. कसं आलात, ते तुमाला काय ठाऊक?"

हे अप्पांनी ऐकलं नाही. त्यांच्या कानांना तेव्हा दुसऱ्याच बोलण्याची सवय होती.

अमावास्या सरायच्या आधीच एका दुपारी अवकाळी आभाळ दाटून आलं. राजेश्वर मालाचा सौदा करायला एसटीनं लातूरला गेला होता. अप्पांनी दुकानाचं दार ओढून घेतलं, डबीला फडकं गुंडाळलं आणि ते माजघरात पलंगाच्या कोपऱ्यात जाऊन बसले. तेवढ्यात कावेरीनं दाराची चौकट धरली.

"आत्या, कळा सुरू झाल्यात वाटतं."

शांतादेवींनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती दुसऱ्या गावी गेली होती. दारात दुकानाची व्हॅन उभी, चावी खुंटीला, आणि चालवता येणारा एकच माणूस घरात. त्याच्या डोक्यावर उशी.

"जरा थांबू," अप्पा उशीखालून म्हणाले. "ढग सरकतील."

"लेकरू थांबंल का? मीच घेती ती चावी."

"तुला कुठं येती गाडी?"

"तुमाला येती, मग तुमी कुठं चालवताय!"

कावेरी या घरात सासऱ्यापुढं मान वर करून कधी बोलली नव्हती. ती ओठ चावत म्हणाली, "अप्पा, समद्या तालुक्याच्या पाठीवर पाय ठेवलात. आज येकडाव त्यो गाडीत ठेवा की. मला लई भ्या वाटतंय."

अप्पा उठले. ते धाडस होतं असं ते स्वतः कधी म्हणत नाहीत. उठताना त्यांच्या मनात आलं ते असं: गाडी लोखंडाची, गळ्यात चांदी, एक पायाळू चाकावर आणि दुसरा पोटात. विजेला याहून सोयीचं गिऱ्हाईक साऱ्या बीड जिल्ह्यात सापडायचं नाही. त्यांनी खुंटीची चावी घेतली, महादेवाचं नाव घेतलं आणि पावसात पाऊल टाकलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस वाऱ्यानं आडवा होत होता. वीज चमकली की अप्पा डोळे मिटत आणि मागून शांतादेवी ओरडत, "डोळे उघडा! वीज पडायच्या आधी आपुन पुलावरनं पडू!" एका वळणाला शेतातल्या लिंबाच्या झाडावर वीज कडाडून पडली. अप्पांना वाटलं, नेम चुकला. पुढं बरंच अंतर गेल्यावर, जरा हिरमुसून, असंही वाटलं की नेम कदाचित आपल्यावर नव्हताच.

दवाखान्यात कावेरीला लगेच आत घेतलं. "सोमवारी या म्हटलं होतं ना?" डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या आणि दार लागलं. अप्पा ओल्या धोतरानं बाकावर बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "माझ्या येळंला आईला लई त्रास झालता का गं?"

शांतादेवींनी दाराकडं बघतच सांगितलं, "पाय भाईर आणि डोकं आत, असं रातभर अडकला होता तुमी. सुईणीनं वढून काढलं. सासूबाईंची पाठ गेली ती त्या दिवशी. परत सरळ उभ्या न्हाई राहिल्या."

"पण मी तर पाय लावायचो की आईला. बरं वाटलं म्हणायची."

"म्हणायच्या. तुमी दुकानात गेलात की मला हाक मारायच्या. शांते, जरा तेल चोळ गं. त्याला सांगू नको, माझ्या लेकराचा पाय खोटा पडंल."

अप्पा खाली बघत राहिले. पाय चिखलानं भरला होता. टाचेला भेगा, अंगठ्याचं नख काळं. त्यावर कधीतरी पेंडीचं पोतं पडलं होतं. कुणाचाही असतो तसा पाय होता.

दार उघडलं. "मुलगी झाली," सुरेखा सिस्टर म्हणाल्या. "दोघी ठीक आहेत. पण आणखी उशीर केला असता तर अवघड होतं, आजोबा."

अप्पांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी महादेवाला हात जोडले. आणि तरीही, मेली सवय, तोंडातून निघालंच, "सिस्टर, आधी काय आलं? पाय का?"

"पाय तर वर तोंडाशी घेतले होते तिनं. आधी ढुंगण आलं."

शांतादेवी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की बाक हलला. अप्पा जरा वेळ तोंड पाडून बसले, मग तेही हसले. "आता हिच्याकडं लोकं कशासाठी येतील?"

"कशासाठी येत्यात? तुमच्या गादीवर बसंल की निवांत."

नातीचं नाव शिवांजली ठेवलं. यंदा ती रांगायला लागली, आणि दरवर्षी पाय लावून घेणारा गावातला सटवा ऊसतोडीवरून परतला. आल्या आल्या ओट्यावर पालथा पडला.

"सटवा, दवाखान्यात दाखव बाबा," अप्पा म्हणाले. "माझ्या पायात काय न्हाई."

"ते बघू मागनं. आधी पाय लावा."

अप्पांनी पाय धुतला, विभूती लावली, तीनदा टेकवला. सटवा कंबरेवर हात ठेवून हळूहळू उठला. "आराम पडला, अप्पा."

पूर्वी अप्पांनी मिशीला पीळ भरला असता. आता ते सटवाच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. हा चेहरा त्यांनी आधीही पाहिला होता, घरात, आईच्या अंथरुणाशी.

"खरं सांग बे."

सटवानं नजर चुकवली. "तुमी येवढा घासून पाय धुता, अप्पा. न्हाई कसं म्हणायचं?"

अप्पांनी आत हाक दिली, "शांते, वाटीभर तेल गरम कर गं." मग धोतर खोचून ते खाली बसले आणि सटवाला पुन्हा पालथं पडायला सांगितलं. या खेपेला त्यांनी दोन्ही हात लावले. सटवा मोठ्यानं ओरडला. अप्पांना तो ओरडा खरा वाटला.