चिखलात फसलेलं डायनासोरचं पिलू आणि आमचे बाबा

रविवारी ढाणकीला माहेरी गेले होते आणि तिथे भलताच प्रकार घडला...

माझी धाकटी बहीण मेघा चित्रकार आहे. तिनं स्वतः लिहून, स्वतः रंगवून, स्वतःच छापून डायनासोरच्या साहसाची एक कॉमिक काढली आहे. घरात सगळ्यांनी वाचली... बाबा सोडून.

बाबा एसटीतले रिटायर्ड ड्रायव्हर. "चित्रं काढून पोट भरते काय?" हा त्यांचा ठरलेला हॉर्न. मेघानं मला सांगून ठेवलं होतं, बाबांना नाही आवडली तर दुसरा भाग काढणार नाही, सरळ नोकरी शोधणार. त्यामुळे कॉमिक त्यांच्या हातात द्यायचं जोखमीचं काम माझ्याकडे आलं.

बहीण म्हणून सांगत नाही, पण काय काढलंय पोरीनं! डायनासोरची कातडी तिनं उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आमच्या काळ्या जमिनीवरून घेतली आहे. एक आई आणि तिचं पिलू पाणी शोधत निघतात, मागे शिकारी लागलेले... आपण पानं उलटतच जातो. शेवटच्या पानावर पिलू गळ्यापर्यंत चिखलात फसलेलं आणि आई काठावर. एकही शब्द नाही. नुसता आईचा डोळा, आणि खाली 'क्रमशः'.

बाबांनी चष्मा लावून अख्खी वाचली. मिटली. चपला घालून बाहेर निघून गेले.

मेघाचा चेहरा उतरला. आत जाऊन धुतलेलेच ब्रश पुन्हा धुवायला लागली. आई म्हणाली, "त्यायले नसन समजलं, जाऊ दे." मला तर बाबांचा इतका राग आला की त्यांच्या वाटणीचा चहाच ठेवला नाही.

थोड्या वेळानं फाटकाशी गलका. शेजारचे शेषरावकाका आणि आणखी दोघं, खांद्यावर जाडजूड दोर!

"कुठं फसलं व बाई पिलू? चाल लवकर दाखव, माय काठावर उभी हाय म्हने!"

झालं असं की बाबा टपरीवर डोक्याला हात लावून बसले होते. कोणी विचारलं की एवढंच म्हणायचे, "पिलू चिखलात फसलं हो... माय नुसती पाहून राह्यली." आमच्याकडे जनावर फसलं म्हटल्यावर कुणाचं, कसलं, हे कोणी विचारत नाही. आधी दोर शोधतात.

मागून बाबा आले, ओशाळलेले. त्यांनीच आतून कॉमिक आणून शेवटचं पान त्या तिघांपुढे धरलं. मला वाटलं, आता बाबांची खैर नाही. पण तिघंही पानावर वाकले...

"मानेले दोर नोका टाकू, पोटाखालून घ्या."

"अन् माय बिथरली त मंग?"

आमच्या अंगणात डायनासोर काढायची मीटिंग भरली! शेवटी शेषरावकाका मेघावरच घसरले, "असं मंधातच सोडते काय बाई कोनी? लेकरू काहाडून तरी छापाचं!"

मेघा दारात उभी राहून हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती.

जेवताना बाबांनी भाकरी मोडून तशीच ठेवली. "निंगते ना थे पिलू बाहेर?"

"दुसऱ्या भागात कळेल," मेघा म्हणाली.

"मंग काढ ना लवकर. नोकरी-बिकरी पाहू मंग."

मी ताटातून मान वर केली नाही. वर केली असती तर रडलेच असते.

सकाळी मेघाच्या टेबलावर शेषरावकाकांचा दोर होता. बाबांनीच मागून आणला होता, "पाहून काढ, गाठ बराबर आली पाह्यजे." आणि आता दर थोड्या वेळानं ते तिच्या खोलीत डोकावतात म्हणे... पाणी हवं का विचारायला. जन्मात स्वतःसाठी पाण्याचा ग्लास न उचललेला माणूस!

मेघे, पिलाला बाहेर काढायची घाई करू नकोस गं... बाबांना अजून थोडे दिवस पाणी आणू दे.