बावीसभाऊंचा ऑक्टोबर

बावीसभाऊ रोज संध्याकाळी घरी निघण्यापूर्वी स्वतःला गुण देत. त्यांच्या टेबलामागे इंडियन ग्रोसरीच्या दुकानाने फुकट दिलेलं कॅलेंडर टांगलेलं होतं. दिवसभरात डोकं चालवून हिशेबाचं काम झालं असेल, तर त्या तारखेवर बरोबरची खूण. नुसती झेरॉक्स, फायलिंग, कोणाची तरी बिलं उतरवून काढणं असं काही झालं असेल, तर एक टिंब. महिनाअखेर टिंबं जास्त भरली की तो अख्खा महिना त्यांच्या लेखी गेला. "बसलेला महिना आहे हा," ते म्हणत, "बसलेला महिना मोजायचा नसते जी."

हे ऐकून माझं डोकं का फिरायचं, ते सांगतो. कॅनडात अकाउंटंटचं लायसन्स नुसत्या परीक्षा देऊन मिळत नाही. आमच्या वेळी परीक्षांखेरीज चोवीस महिन्यांचा कामाचा अनुभव दाखवावा लागे, आणि लायसन्स असलेल्या सुपरवायझरने त्यावर सही करावी लागे. वर प्रत्येक प्रांताची संस्था वेगळी आणि फॉर्मही वेगळा. क्वेबेकमधले महिने ऑन्टारियोत धरायचे, तर क्वेबेकच्या साहेबाला गाठून ऑन्टारियोच्या फॉर्मवर त्याची सही आणायची. तो साहेब तोवर रिटायर झालेला असतो, नाहीतर आपल्यावर रुसलेला असतो. मी स्वतः यातून गेलो आहे. एकेका महिन्यासाठी मी लोकांच्या दारात उभा राहिलो आहे. आणि हा गृहस्थ हातातले महिने आपणहून कापत होता.

ते मूळचे नागपूरचे, आडनाव रामटेके. कॅनडात प्रथम क्वेबेकमध्ये, मॉन्ट्रियलजवळ ब्रॉसार्डला राहिले. तिथे एका म्हाताऱ्या अकाउंटंटच्या ऑफिसात त्यांनी चौदा महिने काम केलं. ऑन्टारियोत यायचं ठरलं तेव्हा म्हाताऱ्याने फॉर्मवर चौदा महिन्यांची सही करून दिली. भाऊंनी तो फॉर्म परत नेला आणि नऊ महिन्यांचा करून आणला. पाच महिने टिंबांचे होते.

"तो म्हातारा म्हणाला, मस्यू, तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही," ते मला सांगत होते.

"ते कौतुक नव्हतं, भाऊ."

"माहीत आहे ना जी. मलाही फ्रेंच येते थोडंसं."

मोटारींच्या सीटचे सांगाडे बनवणाऱ्या, ऑन्टारियोतल्या केंब्रिजच्या आमच्या कारखान्यात ते माझ्या हाताखाली आले. मी अकाउंट्सचा प्रमुख होतो. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी त्या साली सप्टेंबरअखेर पुण्याला गेलो आणि दिवाळी करून नोव्हेंबरच्या मध्यावर परतलो, तेव्हा भाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले होते. अंगात घरी विणलेला तपकिरी स्वेटर, आणि भिंतीवर ते कॅलेंडर आधीच टांगलेलं. गेटवरच्या गार्डला ते रोज "बोंझूर" म्हणत. तो बिचारा इंग्रजी बोलणाऱ्या न्यूफाउंडलंडचा. तोही "बोंझूर" म्हणायला लागला. मला ते 'साहेब' म्हणत. साहेब म्हणू नका, इथे सगळे नावाने हाक मारतात, असं मी चारदा सांगितलं. "तुमचं नाव घेऊन हाक मारली तर तुम्ही पुण्याचे लोक वर तरी पाहाल का?" असं म्हणून ते हसायचे. हसले की पूर्ण खुर्ची हलायची.

रविवारी दुपारी ते पब्लिक लायब्ररीत बसत. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात ओळख झालेली नवी मंडळी आपापले लायसन्सचे फॉर्म घेऊन तिथे येत. कोणाचा दोन वर्षांचा अनुभव सॅस्कॅचवानमधला, कोणाचा दुबईतला. कुठल्या प्रांताला कुठला कागद लागतो, कोणती सही चालते आणि कोणती परत येते, हे भाऊंना तोंडपाठ. मी मुलीला पुस्तकं बदलायला घेऊन जायचो, तेव्हा पाहायचो. या माणसाने दीड वर्षात तिघांना लायसन्स मिळवून दिलं. त्यांतल्या एकाचे निम्मे महिने भाऊंच्या कॅलेंडरवर टिंबातच गेले असते. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "तो त्याचा अन् त्याच्या सुपरवायझरचा प्रश्न आहे जी. मी फक्त सुवाच्य अक्षरात लिहून देतो."

मग मंदी आली. मोटारींचा खप पडला, आमचं उत्पादन अर्ध्यावर आलं. नोव्हेंबरपासून अकाउंट्सची माणसं कारखान्यात पांगवली. भाऊंना स्टोअरमध्ये पाठवलं. पद तेच, पगार तोच, काम मात्र बोल्टचे आणि स्प्रिंगांचे खोके मोजून यादी करण्याचं. असे चार महिने गेले. फेब्रुवारीअखेर कंपनीने पंचवीस जणांना निरोप दिला, त्यात भाऊंचं नाव होतं.

मी त्याच दिवशी हिशेब मांडला. ब्रॉसार्डचे नऊ. आमच्याकडचे ऑक्टोबर ते पुढचा ऑक्टोबर, म्हणजे तेरा. स्टोअरचे चार. एकूण सव्वीस. लागतात चोवीस. ओकव्हिलला माझ्या ओळखीचा एक अकाउंटंट स्वतःचं ऑफिस चालवत होता. त्याला लायसन्स असलेला माणूस हवा होता आणि तो एप्रिलअखेरपर्यंत थांबायला तयार होता. मी फॉर्म भरला, सतरा महिन्यांवर सही केली आणि लंचरूममध्ये भाऊंच्या डब्याशेजारी ठेवला.

त्यांनी तो चष्मा कपाळावर चढवून वाचला. "साहेब, यात चार महिने स्टोअरचे आहेत."

"तुमचं पद बदललं नव्हतं. फॉर्ममध्ये पद आणि कालावधी विचारलाय. दोन्ही बरोबर आहेत."

"मी बोल्ट मोजत होतो जी."

"स्टॉकची मोजणी हे अकाउंटंटचंच काम आहे."

"वर्षातून दोन दिवस. चार महिने नाही."

"अहो, सगळे असंच भरतात!"

"म्हणून तर सगळ्यांकडे नाही गेलो. तुमच्याकडे आलो." त्यांनी फॉर्म घडी न घालता माझ्याकडे सरकवला. "तेराचा करून द्या."

मी चिडखोर माणूस नाही. पण त्या दिवशी लंचरूममधल्या लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. नोकरी गेली, दोन मुली शाळेत, ओकव्हिलची जागा समोर, आणि हे चार महिने नको म्हणतात! नियमातली प्रत्येक ओळ मी वाचली होती. खोटं त्यात काही नव्हतं. मी खोट्यावर सही करणारा नाही, हे सांगायला मला कोणाची साक्ष लागत नाही.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो. एका पोर्तुगीज कुटुंबाच्या घराखालचं बेसमेंट त्यांनी भाड्याने घेतलं होतं. भाऊ घरमालकाच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होते. सुषमावहिनींनी दार उघडलं आणि चहाच्या आधीच सुरुवात केली. "तुम्हीच समजावा, भाऊजी. मी हात टेकले. मी दिवसभर डे-केअरमध्ये लोकांची पोरं सांभाळते, अन् हा माणूस घरी बसून स्वतःचे महिने कापते. लोक पोटाला चिमटा घेतात, हा कॅलेंडरला घेते."

भाऊ बूट काढून आत आले. मी पुन्हा सगळा हिशेब मांडला, शेवटी आवाज चढवलाच. त्यांनी ऐकून घेतलं. मग वहिनींकडे नाही, माझ्याकडेही नाही, हातातल्या ओल्या हातमोज्यांकडे पाहत बोलले.

"साहेब, मी कॉलेजात पहिला आलो तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, याला मार्क वाढवून दिले असतील. नोकरी लागली तेव्हा तेच. प्रमोशनला तेच. मी पेपर दाखवला असता तरी तेच. आयुष्यभर ऐकलं जी. इथं कोणाला माझं आडनाव कळत नाही. तर एवढी एक गोष्ट मला अशी पाहिजे, की ज्यात कोणी काही वाढवून दिलं नाही. दुसऱ्यांसाठी नाही. माझ्यासाठी."

मुलींच्या खोलीत टीव्ही चालू होता. वहिनी उठून गॅसकडे गेल्या. मी चहा संपवला. पुण्याच्या माझ्या कॉलेजात मागच्या बाकावर बसणारी मुलं कोण होती, ते मला आठवत होतं. मी त्यांच्यातच बसायचो.

समजलं म्हणून वैताग कमी झाला, असं मात्र नाही. सोमवारी मी तेरा महिन्यांचा फॉर्म भरून दिला. नऊ आणि तेरा, बावीस. एप्रिलअखेर ओकव्हिलच्या गृहस्थांनी दुसरा माणूस घेतला. ज्या तिघांना भाऊंनी लायसन्स मिळवून दिलं होतं, त्यांनीच त्यांना 'बावीसभाऊ' म्हणायला सुरुवात केली. भाऊ त्या नावालाही 'ओ' द्यायचे, याचा मला वेगळा राग यायचा.

शाळा संपल्यावर जूनमध्ये ते एडमंटनला गेले. अल्बर्टात काम आहे, असं सगळे म्हणत होते. गाडीच्या टपावर गाद्या, मागच्या काचेत विंटर टायर रचलेले, मुलींच्या मांडीवर कुकर. निघताना मी म्हटलं, "भाऊ, तिथे तरी दोन महिने कापू नका."

"बसलो नाही तर काहून कापू?" ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

दर नव्या वर्षाला मी फोन करायचो. किती झाले? बावीसच. पहिलं वर्ष गोदामात गेलं. दुसऱ्या वर्षी अकाउंट्सचं काम मिळालं, पण तिथल्या साहेबाकडे स्वतःलाच लायसन्स नव्हतं. त्याची सही चालत नव्हती. माझी बायको म्हणायची, तुम्ही फोन करून स्वतःचंच रक्त का आटवता? तिचं बरोबर होतं. अखेर तिसऱ्या वर्षी त्यांना बरा साहेब मिळाला, लायसन्सवाला, आणि दोन महिन्यांचा प्रश्न उरला. मी पेढे आणायच्या गोष्टी करू लागलो.

दोन महिने होऊन गेले आणि फोनऐवजी जाडजूड पाकीट आलं. अल्बर्टाच्या संस्थेला आमच्याकडचे महिने त्यांच्या स्वतःच्या फॉर्मवर हवे होते, म्हणून माझी सही पुन्हा लागत होती. फॉर्म भाऊंच्या सुवाच्य अक्षरात भरलेला होता. आमच्या कारखान्यातला कालावधी: नोव्हेंबर ते ऑक्टोबर. बारा महिने.

मला वाटलं, हा माणूस आता चेष्टा करतोय. सोबत जुन्या कॅलेंडरच्या ऑक्टोबरच्या पानाची झेरॉक्स होती, आणि चिठ्ठी.

"साहेब, सप्रेम जय भीम. ब्रॉसार्डचा अन् तुमचा, दोन्ही फॉर्म पहिल्यांदा शेजारी ठेवले. ऑक्टोबर दोन्हीकडे आहे. तुमच्या ऑफिसच्या पत्रात रुजू व्हायची तारीख एक ऑक्टोबर होती, पण म्हाताऱ्याचं एका दुकानाचं काम अर्धं होतं, ते संपवून मी पाच नोव्हेंबरला आलो. तुम्ही पुण्यात होतात, तुम्हाला कसं कळणार? मीही तेव्हा सतरातून फक्त चार वजा केले. तुमच्याकडून एक महिना वाढून आला होता, तो परत करतो. ऑन्टारियोलाही कळवलं आहे. मुलींचं ठीक. सुषमा बोलत नाही."

मी पगाराच्या जुन्या नोंदी काढल्या. पहिला दिवस पाच नोव्हेंबर. मी पासपोर्ट काढून पाहिला. त्यावर पुण्याच्या त्या प्रवासाचे शिक्के होते. आयुष्यभर मी लोकांच्या हिशेबात एकच रक्कम दोनदा धरलेली शोधून काढत आलो. मीच केलेल्या दोन फॉर्मांच्या बेरजेत एक ऑक्टोबर दोनदा बसला होता आणि मला तो तीन वर्षं दिसला नाही. बावीस कधी नव्हतेच. एकवीस होते.

मी फोन लावला आणि वहिनींनी उचलला. "सांगा त्यांना," मी म्हटलं, "म्हणावं, मूर्ख आहात."

"रोजच सांगून राहिले ना मी, भाऊजी," त्या म्हणाल्या. म्हणजे बोलणं सुरू झालं होतं.

आणखी एक महिना त्या एडमंटनच्या ऑफिसात काढून भाऊंनी चोवीस पुरे केले आणि लायसन्स घेतलं. आमच्यात त्यांना अजून बावीसभाऊच म्हणतात. मी दोनदा चूक सुधारून पाहिली, कोणी ऐकलं नाही.

त्या पाकिटातल्या फॉर्मवर मी त्याच दिवशी सही केली होती. सही करताना शाईचा डाग पडू नये म्हणून हाताखाली कोरा कागद ठेवला. सतरा महिन्यांची सही घेऊन मी त्यांच्या मागे फिरलो होतो. त्यांनी माझ्याकडून बाराची करून घेतली.