फळीवर झोपवताना आलेला आवाज

मी देवरीच्या शाळेत गणित शिकवते. अंगात येणं, उतारा, नजर... यांतल्या कशालाच मी कधी वेळ दिला नाही, आजही देत नाही. तरी हे लिहितेय, कारण हे एक गणित माझ्याकडून सुटलेलं नाही.

गोष्ट २०११-१२ची. माझा धाकटा भाऊ सुधाकर चिचगडला टेलर. बाबांच्या घराच्या ओसरीतच त्याचं मशीन. बाबांसारखीच त्याचीही पाठ ऐन तिशीत वाकली. "भाऊ, खाली काय पडलं तुमचं?" असं गिऱ्हाईकं चिडवायची. तो म्हणायचा, "तुमच्या पँटीचं माप पाहून राहिलो." मी मात्र दर वेळी ओरडायचे — सरळ उभा राहा! मणके एकमेकांना जुळून पाठ वाकते त्या आजाराचं, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हे नाव तेव्हा आमच्यात कुणी ऐकलंही नव्हतं.

एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, अंगणातल्या शेवाळावरून घसरून तो पाठीवर आपटला. मी घरातच होते. पाय हलत होते, पण कळ सहन होत नव्हती. पाठीला मार लागला तर माणसाला सपाट फळीवर न्यायचं — हे मी मुलांना शिकवते. दुकानातली कापड बेतायची फळी आणवली. दोन शेजारी पायांकडे, बाबांचे धाकटे भाऊ दशरथकाका खांद्यांशी, मी डोक्याशी. फळीवर ठेवलं तरी त्याचं डोकं वीतभर अधांतरीच.

"ताई, दाबू नोको..."

"गप. सिदा झोप," म्हणत मी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

कट्.

सुकी काडी मोडावी तसा आवाज. मी अजून जोर लावलाही नव्हता. असा आवाज मी त्याआधी एकदाच ऐकला होता, याच घराच्या ओसरीत. बाबा गेले तेव्हा त्यांची पाठ जमिनीला टेकेना. डोकं वरच, जणू आत्ता उठून बसतील. तिरडीवर सपाट नको का? काकांनी छातीवर गुडघा ठेवून दाबलं. जवळ काका आणि मी, आम्ही दोघंच होतो. सुधाकर मडकं आणायला गेला होता. त्या आवाजाबद्दल आम्ही पुढे कधीच बोललो नाही.

मी हात काढला. "काय मोडलं?"

"काई नाई मोडलं, मॅडम," पायांकडचा एक शेजारी म्हणाला.

"काऊन थांबली, ताई?" सुधाकरनं विचारलं. त्यानं काहीच ऐकलं नव्हतं!

"उशा आणा. हा रोज जसा झोपतो तसाच न्यायचा."

दोन उशा, वर चिंध्यांचं गाठोडं. तसाच, वाकलेला, गाडीतून नागपूरला नेला.

तिथल्या सर्जननी एक्स-रेचे फोटो दाखवले. सगळे मणके जुळून बांबूसारखी एकच कांडी झालेली, आणि ती आडवी तडकलेली. "सपाट दाबला असता तर पाय गेले असते. उशा ठेवायचं कुणी सुचवलं?" पूर्ण पाठ न उघडता, छोट्या छोट्या छेदांतून, पडद्यावर बघत त्यांनी स्क्रू आणि सळ्या बसवल्या. काही दिवसांनी तो वॉकर धरून उभा राहिला.

मी सर्जनना आवाजाचं विचारलं. ते म्हणाले, "हाड तेव्हा मोडलं असतं तर आधी त्याला कळलं असतं."

वॉर्डाबाहेर काका तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "मी बी आयकलो, बाई. तुह्या आधी हात मीच काढलो."

"मग तेव्हा काऊन नाई बोलले?"

"दादाच्या वेळी तरी कुठं बोललो?"

बाबांच्या वेळची टोचणी मनात होती म्हणून भास झाला म्हणाल, तर तसं मीही स्वतःला सांगून पाहिलं. पण दोघांना एकाच क्षणी, एकच आवाज? आणि शेजारी उभ्या दोघांना काहीच नाही?

सुधाकरचं मशीन चालू आहे. त्याला सरळ उभा राहा म्हणायचं मी सोडलंय. प्रथमोपचाराच्या तासाला फळीचं सांगण्याआधी आता एक ओळ लिहून देते — हा माणूस एरवी कसा झोपतो, ते आधी विचारा.