पाचव्या ठिकाणची बाटली

कॉलेजच्या पर्यावरणशास्त्र प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं परिचर म्हणून राबलेला हा माणूस. खरं नाव फक्त हजेरीपटावर. पोरं त्याला थेंबमामा म्हणायची, कारण काचेच्या नळीतून थेंब सोडावा तर मामानेच. शिकवणाऱ्या मॅडमचा हात थरथरायचा, मामाचा कधी नाही. "अगं, घाई कशाला? पाणी काय पळून जातंय?" म्हणत तो पोरींना बाजूला सारायचा आणि ज्या थेंबाला निळा रंग उडतो, नेमका त्याच थेंबाला चावी बंद करायचा. आयोडीनने पिवळी पडलेली बोटं तो अंगठ्या घातल्यासारखी मिरवायचा. शिकला होता दहावी नापास, पण परीक्षक बाहेरून आले की आधी मामाला शोधत यायचे.

दुसऱ्या वर्षाच्या पोरांना एक प्रकल्प असायचा. गावाबाहेरच्या ओढ्यावर पाच ठिकाणी पाणी भरायचं, त्यात प्राणवायू किती विरघळलाय ते मोजायचं आणि त्या वर्षीच्या वहीत मांडायचं. दरवर्षी तीच पाच ठिकाणं. पाचवं रंगाच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला, वस्तीला खेटून. त्या वस्तीत मामाची धाकटी बहीण राहायची. वस्तीची विहीर ओढ्यापासून वीस पावलांवर.

पाचव्या ठिकाणी असा वास यायचा की पोरं नाक धरून पळायची. एका वर्षी एक मुलगी निसरड्यावरून घसरली, गुडघा फोडून घेतला. मॅडम म्हणाल्या, "मामा, यापुढे पाचवी बाटली तुम्हीच आणत जा." मामाने मान डोलावली. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

त्या तपासणीची रीत सोपी. बाटलीत दोन औषधं घालायची. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी गाळ बसतो, नसला तर पांढरा. पांढरा म्हणजे घाणीने मेलेलं पाणी. पाचव्या बाटलीत गाळ बसायचा पांढराफटक. पोरांना वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. पुन्हा बाटली, पुन्हा औषधं, पुन्हा पांढरं. "मामा, माझं काय चुकलं हो?" म्हणत एकीने तर रडून गोंधळ घातला. मॅडम वह्यांच्या ढिगाऱ्यातून मान वर न करता म्हणाल्या, "परत करा." साडेसहा वाजले तरी कुणी घरी जाईना.

पुढच्या वर्षी मामाने पाचवी बाटली अर्धीच ओढ्यावर भरली. उरलेली प्रयोगशाळेच्या नळाखाली धरली. गाळ मस्त तपकिरी बसला. "मामा, आलं!" पोरं नाचली. मामाला कोण आनंद! पोरांचा अभ्यास तो, कोण वाचतंय त्या वह्या? कपाटात धूळ खात पडणार. असा विचार करून त्याने हात झटकले आणि दरवर्षी तेच केलं. एकोणीस वर्षं! हा माणूस वाईट नव्हता हो. म्हणूनच त्याचा राग जास्त येतो.

दर रविवारी मामा बहिणीकडे जायचा. पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. बहीण दारातूनच ओरडायची, "आले साहेब! आमचं पाणी यांच्या घशाखाली उतरत नाही."

"अगं, प्रयोगशाळेची सवय," मामा हसायचा. "हातात बाटली नसली की चुकल्यासारखं होतं."

आधी मेहुण्याची मूत्रपिंडं गेली आणि दीड वर्षात मेहुणाही गेला. मग शेजारचे दोघे गेले. मग एका सकाळी बहिणीच्या पायात चप्पल शिरेना, इतके पाय सुजले. आता आठवड्यातून दोनदा ती दवाखान्यात रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडलेली असायची. डॉक्टरांनी बाटलीतलंच पाणी प्यायला सांगितलं, तेव्हा कुठे वस्तीचे डोळे उघडले. वस्तीने प्रदूषण मंडळाकडे कारखान्याविरुद्ध तक्रार केली. सुनावणीची नोटीस निघाल्याबरोबर कारखान्याने आपलं घाण पाणी टँकरमधून दुसरीकडे धाडायला सुरुवात केली. ओढा महिन्याभरात निवळला. विहीर गाळ उपसायच्या नावाखाली कुणीतरी चुना टाकून धुऊनही घेतली. आता तपासून काय सापडणार, कपाळ?

बहिणीलाच सुचलं. भावाचे दोन्ही हात धरून ती म्हणाली, "दादा, तुमच्या कॉलेजात तर दरवर्षीची नोंद आहे ना! पाचवं ठिकाण म्हणजे आमचंच की. आता बघते कसे सुटतात ते." कित्येक महिन्यांनी ती हसली होती. "बघू," म्हणत मामाने हात सोडवून घेतले. वस्तीच्या वकिलाने अर्ज दिला, मॅडमनी अभिमानाने एकोणीस वह्या काढून दिल्या; त्याआधीच्या केव्हाच रद्दीत गेल्या होत्या. वकील नवखा, त्याने त्या उघडूनही पाहिल्या नाहीत.

सुनावणीत अधिकाऱ्याने त्या एकेक करून वाचल्या. पाचवं ठिकाण, चार पूर्णांक एक. पाचवं ठिकाण, तीन पूर्णांक नऊ. पाचवं ठिकाण, चार पूर्णांक तीन. कारखान्याचा वकील खुर्चीत सैलावून बसला. "म्हणजे ओढ्यात प्राणवायू होता, साहेब. एकोणीस वर्षं होता. आणि हे आमचं नाही, त्यांनीच आणलेलं कागदपत्र आहे."

तेव्हा मामा उठला. त्याने सगळं सांगितलं. अर्धी बाटली, नळ, तपकिरी गाळ, सगळं.

अधिकाऱ्याने विचारलं, "या वह्यांवर सही कोणाची?"

"माझी," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मामाकडे पाहिलं नाही. "परिचर पाण्यात काही मिसळतात, हे मला माहीत नव्हतं. मला तसं वाटतही नाही."

"तुमचं इथे कोणी आहे?" कारखान्याच्या वकिलाने मामाला विचारलं.

"बहीण. ती बसलीय."

वकील नुसता हसला. अधिकाऱ्याने लिहून घेतलं, नात्यातला माणूस, साक्ष विश्वासार्ह नाही. दुपारी दोनच्या आत तक्रार निकालात निघाली.

दोघं वस्तीत परतली. घरात येऊन बहीण खाटेवर टेकली, सुजलेले पाय वर घेतले.

"सगळ्यांसमोर खरं बोललो मी," मामा म्हणाला.

"ऐकलं." तिने त्याच्या पिशवीकडे पाहिलं. बाटलीचं टोपण वर डोकावत होतं. "पोरांसाठी केलंस, तेही समजलं. पण दादा, माझ्याकडचं पाणी तू केव्हापासून पीत नाहीस?"

मामाने टोपण पिशवीत खाली ढकललं. सत्तावीस वर्षं शेकड्याने बाटल्या तपासल्या याने. बहिणीच्या विहिरीची एक बाटली भरून न्यावी, असं एकदाही मनात आलं नव्हतं. की आलं होतं आणि त्याने ते दाबलं होतं? माझ्या मते दाबलंच होतं, नाहीतर पिशवीत ती बाटली कशाला असती?

तो उठला. कोपऱ्यात भांडी घासायला विहिरीचं पाणी भरून ठेवलेलं पातेलं होतं. त्यात पेला बुडवून त्याने तोंडाजवळ नेला. हात थरथरत होता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

बहीण त्या पायांनी खाटेवरून उतरली, भिंतीला धरत आली आणि त्याच्या हातातला पेला काढून घेतला.

"पिऊ नकोस, दादा," ती म्हणाली.

मग ती मोरीपर्यंत गेली आणि पेला ओतून परत आली.