वाळलेल्या वाफ्याची टोपलीभर माती

विमल टोपली घेऊन माझ्या वाफ्यापाशी उभी होती. वाफा म्हणजे रोपं उगवायला केलेला मातीचा गादीसारखा उंचवटा. घाटंजीजवळ माझी भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. विमल माझ्याच हाताखाली शिकली. आता तिने ठेक्याच्या शेतात स्वतःची नर्सरी काढली होती. मिरचीच्या रोपांची मोठी ऑर्डरही घेऊन बसली होती.

आम्हा बायकांत रीत आहे. जिच्याकडे शिकलो, तिच्या वाफ्यातली टोपलीभर माती न्यायची आणि आपल्या वाफ्यांत मिसळायची. दुधाला विरजण लावतो, तसं.

"यातली नाही भेटनार," मी म्हटलं. "यातली वांग्याची रोपं सडली होती. त्या वाफ्यातली ने."

"मी याच वाफ्यात शिकली, काकू. अन् सडली ते कवाची गोष्ट. पाहा ना, माती कोरडी ठक्क आहे."

तिने मूठभर माती तळहातावर पसरली. त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे होते. मी ते दाखवले. बुरशीला खायला उरलं नाही की तिचे धागे गोळा होऊन असे दाणे बनतात. वरून टणक. कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. ओल आणि कोवळं खोड मिळालं की पुन्हा फुटतात.

"मोहरीच असन."

"मंग फोडणीत टाक. तडतडली तर सारा वाफा ने."

ती हसली नाही. "मी पुढं गेलेली तुमाले पाह्यवत नाही."

मी बाजाराला गेले तेव्हा तिने माझ्या जावेकडून त्याच वाफ्यातली माती नेली. जाऊ म्हणाली, रीत आहे, नाही कशी म्हनू?

मिरची छान उगवली. मग पावसाची झड लागली. विमलने मला बोलावून घेतलं. रोपं जागच्या जागी लोळली होती. बुडाशी पांढरे धागे, कापसासारखे. एका वाफ्यात असतं तर तेवढा वाफा सोडला असता. तिने माती सगळ्याच वाफ्यांत मिसळली होती.

"कोनतं औषध टाकू, काकू?"

"उभी आहेत त्यायच्या बुडाशी ओत. पडलेल्याले कायचं औषध? अन् ऑर्डरवाल्याले आजच सांग."

"त्यानं दुसरीकडून घेतली तं?"

"घेईनच."

त्याने घेतली. औषध ओतूनही वाफे गेले. मेलेली रोपं तिने जाळली, पण दाणे मातीत राहिले. शेतमालकाने पुढे ठेका दिला नाही. आता विमल आर्णीकडे कापूस वेचायला जाते. दिसली तर मान फिरवते.

मी आता कोणालाच माती देत नाही. बायका म्हणतात, काकूने रीत मोडली. मोडली.