मूठ आवळेपर्यंत

पाणीपुरवठा खात्याच्या बँडला आजवर पाच कंडक्टर लाभले. त्यांतला एकही संगीतामुळे त्या जागेवर आला नव्हता.

तालीम जुन्या पंपघरात व्हायची आणि तिथल्या भिंतीवर पहिल्या चौघांचे फोटो होते. पहिला कंडक्टर झाला, कारण त्या काळी अख्ख्या खात्यात मनगटी घड्याळ त्याच्या एकट्याकडे होतं. दुसरा उंच होता, मागच्या रांगेतून दिसायचा. तिसऱ्याचं सगळ्या कॉर्नेटवाल्यांशी भांडण झालं होतं. त्याच्या शेजारी बसायला कोणी तयार होईना, म्हणून त्याला समोर उभं केलं. चौथा कसा झाला ते कोणालाच आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की तो उभ्याउभ्या डुलकी काढायचा आणि हात मात्र चालू असायचा. फोटोत चौघांच्याही हातात ताल द्यायची काडी होती आणि चेहऱ्यावर आपल्यावाचून सगळं अडलंय असा भाव.

पाचवे म्हणजे आपले मास्तर. बँडवाले त्यांना तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे काडीमास्तर. दिवसभर ते मीटर दुरुस्तीच्या खोलीत बंद पडलेले पाण्याचे मीटर उघडून बसत. आठवड्यातून तीनदा साडेचार वाजता नखांतलं ग्रीस काढून पंपघरात जात. ते कंडक्टर झाले ते दातामुळे.

तेव्हा ते दुसऱ्या रांगेत कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी बिगूल, वाजवायचे. नव्या टाकीच्या उद्घाटनाला बँड वाजत वाजत निघाला होता. मार्च हा प्रकार गोल फिरणारा असतो. शेवटच्या ओळीवरून पुन्हा पहिल्या ओळीवर यायचं, आणि असं किती वेळा फिरायचं ते रस्ता किती लांब आहे यावर ठरायचं. त्या दिवशी चौथे कंडक्टर नेहमीप्रमाणे अर्धवट झोपेत होते. टाकीशी पोचल्यावर पहिल्या रांगेला वाटलं, संपलं. ती थांबली. दुसऱ्या रांगेला वाटलं, अजून एक फेरी आहे. ती चालत राहिली. आपले मास्तर तोंडाला कॉर्नेट लावलेल्या अवस्थेत पुढच्या ट्रॉम्बोनवाल्याच्या पाठीवर आदळले. ट्रॉम्बोनवाल्याला काही झालं नाही. मास्तरांचा वरचा पुढचा दात पडला, आणि शोधाशोध केल्यावर कॉर्नेटमध्ये सापडला.

पुढचा दात गेला की पितळी वाद्य वाजवणाऱ्याच्या ओठाला आधार राहत नाही. मास्तरांनी खोटा दात बसवून पाहिला. पहिल्याच वरच्या सुराला तो सुटला आणि ढोलावर जाऊन वाजला. आता वाजवता येत नाही आणि बँड सोडवतही नाही, असा माणूस बसवायचा कुठे? त्याला समोर उभं केलं.

जागा मिळाल्या दिवशी मास्तरांनी एकच नियम केला. "माझी डावी मूठ आवळलेली दिसली की संपलं. दिसली नाही तर संपलेलं नाही. मग रस्ता संपो नाहीतर तुमचा दम संपो. मूठ दिसल्याशिवाय कोणी ओठ काढायचा नाही." बोलताना ते जिभेनं खोटा दात चाचपत होते, त्यामुळे कोणी हसलं नाही. हा नियम अकरा वर्षं एकदाही मोडला नव्हता. पंपघरात न मोडलेली तेवढी एकच गोष्ट होती.

असं सगळं बरं चाललं होतं. मग एका तालमीत मास्तरांचा चष्मा पडला.

मार्चच्या ऐन मध्यात तो नाकावरून घसरला आणि पेटीखाली गेला. पेटी म्हणजे कंडक्टरनं उभं राहायची लाकडी पेटी. मास्तर काडी बगलेत धरून गुडघ्यांवर बसले आणि चाचपडायला लागले. वर बँड चालू होता. नुसता चालू नव्हता, चांगला चालू होता. बरंच चाचपडल्यावर चष्मा सापडला. मास्तर उठले, गुडघे झाडले, शेवट जवळ आलाच होता म्हणून सवयीनं मूठ आवळली. सगळे थांबले आणि वाद्यांतली थुंकी जमिनीवर टाकायला लागले.

"आज कॉर्नेट चांगली जमली," कोणीतरी म्हणालं. मास्तर मधे नव्हते, हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मोठा ढोल वाजवायचा मास्तरांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. घरी जाताना मास्तरांनी त्याला विचारलं, "खरं सांग. मी हात हलवतो त्याचं तुम्ही काय करता?"

"कशाचं काय करतो दाजी?"

"माझ्याकडे बघता का?"

मेहुण्यानं विचार केला. विचार करायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे तो रस्त्यात थांबला. "आता तुम्ही विचारलंतच म्हणून. ते सगळे माझा ढोल ऐकतात. आणि मी बासवाल्याच्या बुटाकडे बघतो. तो टाच आपटतो ना."

"आणि बासवाला कोणाकडे बघतो?"

"तो डोळे मिटतो."

त्या दिवसापासून मास्तरांच्या मनात किडा शिरला. अकरा वर्षं एका माणसाची टाच बँड चालवत होती आणि आपण समोर उभे राहून माशा वारत होतो.

नेमके तेव्हाच नवे साहेब आले. खात्यात कोण काय करतं याची ते पाहणी करत होते. प्रत्येक खोलीत जायचे, वही काढायचे आणि विचारायचे, "तुम्ही नसलात तर काय होईल?" लोक या प्रश्नानं रडकुंडीला येत. पंपघरात आल्यावर त्यांनी माणसं मोजली.

"बावीस जण वाजवतात. हे तेविसावे काय करतात?"

"चालवतात," युफोनियमवाले काका म्हणाले. युफोनियम म्हणजे मांडीवर घेऊन फुंकायचं पोटभर पितळी वाद्य, आणि काका बँडमधले सगळ्यांत म्हातारे. छातीच्या दुखण्यातून उठून महिन्यापूर्वीच परत आले होते. डॉक्टरांनी त्यांना फुगासुद्धा फुगवू नका म्हणून सांगितलं होतं. काका म्हणाले, फुगा नाहीच फुगवत.

"चालवतात म्हणजे?" साहेब म्हणाले. "गुरुवारी बघू. एकदा यांच्यासह वाजवा, एकदा यांच्याशिवाय. फरक पडला नाही तर हे पद रद्द करू. यांचं मीटरचं काम आहेच."

मास्तर मान डोलावून घरी आले. तसं बघायला गेलं तर जाणार काय होतं? एक काडी. पण निवृत्त होणाऱ्या कंडक्टरचा फोटो भिंतीवर लागायचा. मास्तरांची पाच वर्षं उरली होती आणि चौथ्या फोटोशेजारी त्यांनी स्वतःच, कोणी बघत नाहीसं पाहून, खिळा ठोकून ठेवला होता. रद्द झालेल्या पदाचा फोटो कोण लावतो?

बुधवारी संध्याकाळी मेहुणा घरी येऊन बसला. "दाजी, सगळ्यांनी ठरवलंय. तुम्ही बाजूला झालात की आम्ही वाट लावतो. मी ठोके चुकवतो, ट्रॉम्बोन उशिरा येतील. साहेबांची खात्री पटली पाहिजे."

"मुद्दाम खोटं वाजवायचं नाही," मास्तर म्हणाले.

"अहो, पण खरं वाजवलं तर तुमची काडी गेली ना!"

"गेली तर गेली. माझ्या बँडनं साहेबासमोर वाईट वाजवलं, असं व्हायला नको."

"एरवी नाही का वाजवत वाईट? तेव्हा काही बोलत नाही तुम्ही."

"तेव्हा मनापासून वाजवता," मास्तर म्हणाले.

आतून बायकोचा आवाज आला, "अहो, तो आपण होऊन मदत करतोय. जन्मात पहिल्यांदा. करू द्या की." पण मास्तर अडून बसले. स्वभावानं माणूस गरीब, पण अडला की गंजलेल्या नटासारखा.

गुरुवारी मास्तरांसह वाजवणं झालं. चांगलं झालं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "आता तुम्ही बाजूला उभे राहा. हात खिशात ठेवा. मी सांगेपर्यंत काहीही करायचं नाही." मग नीट दिसावं म्हणून ते स्वतः पेटीवर चढले.

मास्तर जुन्या व्हॉल्व्हच्या चाकाला टेकून उभे राहिले. मेहुण्यानं ढोलावर दोन ठोके दिले आणि मार्च सुरू झाला.

वाईट वाजवायचं नाही असं सांगितलं होतं, पण इतकंही चांगलं वाजवायला नको होतं. ट्रॉम्बोन वेळेवर आले. कॉर्नेट एकजीव झाली. बासवाल्याची टाच घड्याळासारखी पडत होती. मास्तरांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं. टोपी अडकवायला उपयोगी पडेल, असं त्यांच्या मनात आलं.

पहिली फेरी संपली. बँड शेवटच्या ओळीवरून पहिल्या ओळीवर गेला. दुसरी फेरी संपली. साहेब खूश होऊन लिहीत होते. तिसरी संपल्यावर त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "ठीक आहे. बस."

बंद खोलीत वाजणाऱ्या बावीस वाद्यांपुढे त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाही आला नसेल. चौथी फेरी सुरू झाली. साहेबांनी हात वर केला. मग दोन्ही हात केले. पाचव्या फेरीला ते पेटीवर उभे राहून वहीसकट दोन्ही हात आडवेतिडवे हलवत होते. पण समोर उभं राहून हात हलवणाऱ्या माणसाकडे लक्ष द्यायचं नाही, ही या बँडची अकरा वर्षांची शिस्त. सगळे शांतपणे वाजवत राहिले.

तेव्हा मास्तरांना ते दिसलं. सहाव्या फेरीची शेवटची ओळ आली आणि बावीस जणांच्या नजरा एकदम वर उठल्या. पेटीवर बघितलं, मूठ नव्हती. नजरा खाली गेल्या, सातवी फेरी सुरू झाली. बासवाल्यानंही डोळे उघडून बघितलं होतं. अकरा वर्षांत मास्तरांनी हे पाहिलं नव्हतं, कारण शेवटच्या ओळीला ते स्वतःच कागदात डोकं घालून शेवट कुठे आहे ते शोधत असत.

मास्तरांना हसू फुटलं. आता काहीच करायचं नव्हतं. अजून एखादी फेरी, आणि साहेब पेटीवरून उतरून आपल्याकडे येणार. मास्तर, थांबवा हो यांना, म्हणणार. मग पद राहिलं, काडी राहिली, खिळासुद्धा राहिला. फक्त खिशात हात घालून उभं राहायचं. साहेबांनी तसंच तर सांगितलं होतं.

मग त्यांची नजर युफोनियमवर गेली. काकांचे कान वांग्याच्या रंगाचे झाले होते. डोळे बाहेर आले होते. पण ओठ वाद्याला चिकटून होते, कारण मूठ दिसली नव्हती. मास्तरांना माहीत होतं, हा म्हातारा पडेल पण ओठ काढणार नाही. त्याच्यापुढेच तर नियम केला होता.

मास्तरांनी हात खिशातून काढला. चार ढांगांत पेटी गाठली, साहेबांना कोपरानं जरा बाजूला सारून वर चढले आणि शेवटच्या ओळीला डावी मूठ उंच धरून आवळली.

मुख्य नळाचा व्हॉल्व्ह फिरवावा तसा आवाज बंद झाला. काकांच्या श्वासाची शिट्टी तेवढी येत राहिली.

साहेब घामाघूम झाले होते. "तुम्ही लोक थांबत का नव्हता?"

"मूठ," काका धापा टाकत म्हणाले, "मूठ कुठाय तुमची?"

"कसली मूठ? मला कोणी सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" मेहुणा म्हणाला.

साहेब मास्तरांकडे वळले. "आणि तुम्हाला मी काही करू नका म्हणालो होतो."

"हो साहेब."

"मग मधे का आलात? मी विचारलं असतंच तुम्हाला."

"माहीत होतं," मास्तर म्हणाले. "पण यांचे कान बघा ना."

साहेबांनी काकांचे कान बघितले. मग बराच वेळ वहीत लिहिलं आणि निघून गेले.

आठवड्यानं कागद आला. मास्तरांनी तो घरी नेला आणि बायकोनं मोठ्यानं वाचला. "कंडक्टर. वादनासाठी आवश्यकता आढळून आली नाही. वादन थांबवण्यासाठी अत्यावश्यक. पद कायम ठेवावे." तिनं कागद उलटसुलट करून बघितला. "म्हणजे हे कौतुक आहे की काय आहे?"

"पद कायम आहे," मास्तर म्हणाले.

"बावीस जणांना थांबवता म्हणे. माझ्या भावाला एकदा जेवताना थांबवून दाखवा."

"ताई, मी इथेच बसलोय," मेहुणा ताटावरून म्हणाला.

पुढच्या तालमीला मास्तर पेटीवर चढले आणि काडी उचलली. कोणी बघितलं नाही. मेहुण्याचे दोन ठोके पडले, बासवाल्यानं डोळे मिटले, टाच आपटली. मास्तर मजेत हात हलवत राहिले. मनाला येईल तसे हलवले, कारण त्यानं काही बिघडत नव्हतं. शेवटची ओळ आली तेव्हा त्यांनी कागदात न बघता समोर बघितलं. बावीस जोड्या डोळे वर आले आणि त्यांच्या डाव्या हातावर खिळले.

मास्तरांनी हात खिशात घातला.

बँड मुकाट्यानं पहिल्या ओळीवर गेला. काकांनी मात्र वाद्यावरून असा काही कटाक्ष टाकला, की त्यातला शब्दन् शब्द कळला आणि एकही घरात बोलण्यासारखा नव्हता. त्या फेरीच्या शेवटी मास्तरांनी वेळेवर मूठ आवळली.

"मास्तर," काका वाद्यातली थुंकी त्यांच्या बुटाच्या दिशेनं टाकत म्हणाले, "एक दात अजून शिल्लक आहे तुमचा पुढचा. लक्षात असू द्या."