लाल चिमटा आणि चामोर्शीचा रस्ता

चंद्रपूरच्या आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये मी सलवार-कुर्त्यात जायचे. सलवार चेनमध्ये येऊ नये म्हणून पायाशी कपडे वाळत घालायचा लाल चिमटा. एका रविवारी कॅप्टनची नजर त्यावर गेली. "ताई, पाय वाळू घातला का?" सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन रडवेल्या तोंडाने मोबाइलवर तंग जर्सी आणि सायकलची शॉर्ट मागवली. ग्रुप सोडायचा नव्हता. शाळेतली नोकरी आणि घर यांच्यामधून माझ्या वाट्याला आलेले ते तीनच तास होते.

हा अवतार ग्रुपला दाखवण्याआधी अनोळखी रस्त्यावर घालून बघावा, म्हणून डिसेंबरात जोडून सुट्टी आली तेव्हा एकटीच चामोर्शीला निघाले. मूलमार्गे ऐंशीच्या आसपास किलोमीटर. जाणार असाल तर उजाडल्याशिवाय निघू नका. मूलपर्यंत बराच रस्ता वाघांच्या जंगलातला आहे, तिथे फोटोची हौस आवरा. सागाच्या पानांवर दव होतं, बोटं गारठली होती, तरी मी गुणगुणत होते. मूलला तर्री-पोहे खाल्ले. वीस-पंचवीस रुपयांत पोट भरतं आणि नाकातून पाणी येतं. मी मात्र स्टुलावर जर्सी खाली ओढत बसले होते.

हरणघाटच्या पुलावर थांबून वैनगंगा बघून घेतली. पुढे शेतांत कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे मोठे ढीग, रचलेले. तिथे माझ्यापुढे एक बाई सायकलवर चालल्या होत्या. लुगडं, दांड्याची सायकल, मागे वांग्यांचं पोतं, सीटवर गोधडीचा तुकडा शिवलेला. मी बरोबरीला आले आणि कुणी विचारलं नसताना म्हणाले,

"बाई, सीट लय खाली आहे तुमची. गुडघे खराब होतील. अन् लुगडं चेनमधी येईल."

बोलून झालं आणि माझं मलाच कसंतरी झालं. हुबेहूब कॅप्टनचा सूर!

"वीस वर्स झाले, नाई आलं," त्या पायडल मारत म्हणाल्या. लुगड्याचा घोळ त्यांनी जुन्या ट्यूबच्या पट्टीने पोटरीशी बांधला होता. मग माझ्या शॉर्टकडे निरखून पाहिलं. "हे मागं काऊन फुगलं, म्याडम?"

"आत गादी आहे."

"गादी सीटले लावाची का माणसाले?"

ब्रेक लावून दोघी हसत सुटलो. या हसण्यात मला जरासुद्धा लागलं नाही, हे तेव्हाच जाणवलं.

"यात बरं वाटते का तुमाले?"

"नाई."

"मंग काऊन घातलं?"

"सीटचं मी उगीच बोलली, बाई," मी म्हटलं.

"बोला ना. मी पन तं बोलली." त्यांनी कॅरिअरला बांधलेल्या पट्ट्यांतली एक सोडून माझ्या हातात ठेवली आणि बाजाराला उशीर होतो म्हणून निघून गेल्या.

चामोर्शीत साध्या लॉजवर मुक्काम केला. सकाळी पिशवीतली सलवार घालून, पट्टी बांधून परत निघाले. खरं सांगते, लांब पल्ल्याला ती गादी कामाची. सलवारीच्या आत शॉर्ट होतीच.

पुढच्या रविवारी ग्रुपमध्ये तशीच गेले. कॅप्टन पट्टीकडे बघत म्हणाले, "आता हे काय नवीन?"

"चामोर्शीची पट्टी. पाह्यजे का तुमाले?"

त्या दिवशी आमच्या गल्लीत शिवणकाम करणारी शबाना पहिल्यांदाच आली होती. लांब कुर्ता, ओढणी, बास्केटची लेडीज सायकल. मागून कुणीतरी म्हणालं, "भाजी आणाले निघाल्या वाटते." तिने सायकल घराकडे वळवली.

मी तिचं हँडल धरलं. लाल चिमटा पिशवीत होताच. खाली बसून तो तिच्या सलवारीला लावला. "चल. मी मागं राहते तुझ्यासोबत."

आम्ही दोघी सगळ्यांत शेवटी पोचलो. त्यानंतरच्या रविवारी ग्रुप जमतो त्या चौकात मी गेले, तेव्हा शबाना माझ्या आधीच येऊन उभी होती, पायाला चिमटा लावून.